समुद्री टाकी, रंगीत मासे आणि आपले अणुव्रत



समुद्राच्या पाण्याची मोठी टाकी घरात बसवायचे ठरले की पहिला प्रश्न रंगाचा निघतो. पिवळा कोणता घ्यायचा, निळा कोणता, केशरी जोडीने आणायचा का, आणि हे सगळे एकत्र नांदतील का? गेले वर्षभर हा प्रश्न आमच्याकडे चहाच्या वेळी, फोनवर, एकदा तर मंदिराच्या पायऱ्यांवरसुद्धा चर्चेला आला. कारण माझ्या भाच्याने पुण्यात आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सहा फूट लांबीची टाकी करायला घेतली. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण अक्का, व्रती आहे आणि त्याच घरात राहते. त्यामुळे विषय नुसत्या हौसेचा राहिला नाही.

माझे मत आधीच सांगून टाकते. जैन घरात अशी टाकी नसलेली बरी. पण ज्यांच्या घरी ती आहे, किंवा मुलांनी करायचीच असे ठरवले आहे, त्यांनी मासे निवडताना रंग सर्वांत शेवटी पाहावा. मासा जन्मला कुठे, खातो काय, वाढतो किती आणि शेजाऱ्याशी वागतो कसा, हे चार प्रश्न आधी. यातून जे उरतील त्यांत मग हवा तो रंग निवडा. गंमत अशी की या छंदातली जाणती माणसेही जवळजवळ हेच सांगतात. त्यांना आपली अणुव्रते माहीत नसतील, पण मासे मरून मरून ती तिथवर पोहोचली आहेत.

बऱ्याच मैत्रिणींच्या डोळ्यांसमोर टाकी म्हटले की बरणीतला गोल्डफिश येतो, म्हणून थोडे समजावून सांगते. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत साधारण ६८० लिटर पाणी मावते. नुसत्या पाण्याचे वजन पावणेसातशे किलो. काच, खडक आणि खालचे स्टँड वेगळे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे पहिल्या भरणीलाच जवळजवळ २४ किलो खास मीठ लागते. आपले जेवणातले मीठ चालत नाही. पुढे दर खेपेला दहा टक्के पाणी बदलायचे म्हटले तरी ६८ लिटर पाणी आणि अडीच किलोच्या आसपास मीठ. तापमान पंचवीस-सव्वीस अंशांवर धरून ठेवावे लागते, म्हणून एप्रिल-मे मध्ये पाणी थंड करणारे यंत्र दिवसरात्र चालते. वीज गेली तर पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो, म्हणून पंपाला बॅटरीची सोय हवी. आणि पाणी भरल्याबरोबर मासे सोडता येत नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. तो पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला चार-सहा आठवडे द्यावे लागतात. मी बी.कॉम. झालेली बाई, जमाखर्च मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. भाच्याच्या वहीत या सगळ्याचा खर्च मांडलेला होता. माशांच्या बाजूचा खर्च मांडलेला नव्हता, तो मी मांडायला घेतला.

त्याची पहिली यादी १६ माशांची होती आणि ती पूर्णपणे रंगावर बेतलेली होती. केशरी-पांढरा क्लाउनफिश, लिंबासारखा पिवळा यलो टँग, जांभळा-पिवळा रॉयल ग्रामा, निळे डॅमसेल, पट्ट्यापट्ट्यांचा बटरफ्लायफिश, पंख पसरलेला लायनफिश, आणि रेशमी साडीवर नक्षी काढावी तसा मँडरिन. चित्र म्हणून यादी सुंदर होती. राहायला मात्र हे एका घरातले लोक नव्हेत.

लायनफिशच्या तोंडात जो मावेल तो त्याचे जेवण; ग्रामा आणि छोटे क्लाउनफिश त्याच्यासोबत ठेवणे म्हणजे त्याला ताट वाढणे. बटरफ्लायफिशच्या बहुतेक जाती प्रवाळ आणि समुद्रफुले कुरतडून जगतात. ट्रिगरफिश गोगलगायी फोडून खातो. निळे डॅमसेल दुकानात सर्वांत स्वस्त असतात, म्हणून नवखे लोक तेच आधी आणतात. पण आपली जागा धरून बसण्यात ते इतके कडवे की नंतर आलेल्या शांत माशाला कोपऱ्यात दाबून, कुरतडून संपवतात. टँगच्या शेपटीजवळ चाकूसारखा काटा असतो, आणि आपल्यासारख्याच आकाराचा किंवा रंगाचा दुसरा मासा दिसला की तो अंगावर जातो. म्हणून जाणते लोक सांगतात की एकाच घडणीचे दोन मासे शक्यतो घेऊ नयेत, शांत स्वभावाचे आधी सोडावेत आणि भांडखोर सर्वांत शेवटी. शिवाय मासा दुकानात दिसतो तेवढा धरायचा नाही, पूर्ण वाढल्यावर किती होईल ते धरायचे. सिनेमातली ती निळी डोरी मुलांना हवी असते. ती दुकानात दोन बोटांएवढी असते आणि वाढून फुटभर होते.

हे सगळे जमले म्हणजे मासे ‘जमणारे’ झाले असे हौशी लोक म्हणतात. माझा मुद्दा इथून पुढे आहे. एकमेकांना न मारणारे मासे निवडले म्हणजे हिंसा टळली असे होत नाही. मासे एकमेकांशी कसे वागतात ते आपण पाहिले. आपण त्यांच्याशी कसे वागतो ते कोण पाहणार? श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले आहेत. ते बैलाला, घोड्याला समोर ठेवून समजावले जातात, म्हणून आपल्याला जुने वाटतात. मी ते या टाकीला लावून पाहिले, आणि एकही वाया गेला नाही.

पहिला बंध. जीवाला बांधणे, कोंडणे. इथे बोलायलाच नको. टाकी म्हणजेच बंध. तरीही दोन माशांत फरक आहे. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक तळ्यांत पैदा केलेले असतात. समुद्री माशांत मात्र अजूनही मोठा भाग खडकांवरून धरून आणलेला असतो. कालपर्यंत जो उघड्या समुद्रात होता त्याला कोंडणे आणि हॅचरीत जन्मलेल्याला सांभाळणे या दोन गोष्टी मी एका मापाने मोजणार नाही. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती जमवली, आणि ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिश वाढवले जातात. यलो टँगची पिल्ले माणसाच्या देखरेखीखाली प्रथम २०१५ मध्ये हवाईतल्या एका संशोधन केंद्रात जगवली गेली. त्याआधीचा प्रत्येक यलो टँग समुद्रातून उचललेलाच होता.

दुसरा वध, मारहाण. फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकापासून शोभेचे मासे धरायला सायनाइड वापरले गेले. बाटलीत विरघळवून खडकाच्या भेगेत पिचकारी मारायची. मासा गुंगीत बाहेर येतो. जे जगतात ते दुकानात पोहोचतात, तेही बरेचदा आतून खलास झालेले. फवारा लागलेले प्रवाळ तिथेच मरते. त्याचे बिल कोणीच लावत नाही.

तिसरा छेद. हा अतिचार माशाला कसा लागू होणार, असे मला आधी वाटले होते. मग वाचनात आले की खोल पाण्यातून मासा झटपट वर आणला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. ती फुगू नये म्हणून धरणारे सुईने पिशवीला भोक पाडतात. पिशव्यांना भोके पडू नयेत म्हणून काही ठिकाणी माशांचे काटेही कापले गेले आहेत. यापुढे काय लिहू!

चौथा अतिभारारोपण, म्हणजे झेपणार नाही इतका भार लादणे. बैलगाडीवर जादा पोती चढवणे आपल्याला चटकन दिसते. ६८० लिटरमध्ये १६ मासे, त्यांतले चार फूटभर वाढणारे, हाही तोच भार आहे. पाणी तेवढेच, प्राणवायू तेवढाच, घाण पचवणारे जिवाणू तेवढेच.

पाचवा अन्नपाननिरोध, म्हणजे उपाशी ठेवणे. इथे मँडरिनची गोष्ट सांगायलाच हवी, कारण सर्वांत सुंदर म्हणून तोच घेतला जातो. हा मासा दिवसभर खडकावरचे टाचणीच्या टोकाएवढे जीव टिपत फिरतो. नव्या टाकीत ते जीव पुरेसे नसतात, आणि बाहेरून टाकलेले दाणे समुद्रातून आणलेला मँडरिन बहुधा तोंडात घेत नाही. तो भांडत नाही, आजारी दिसत नाही. आठवड्यामागून आठवडे वाळत जातो आणि एक दिवस जातो. क्लीनर रॅसचेही तसेच. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगणारा हा मासा. दहा-बारा माशांच्या टाकीत त्याला काय मिळणार? भोवती पाणी आहे, डबाभर खाणे आहे, आणि तरी हा जीव उपाशी. पर्युषणात आपण उपवास करतो तो स्वतःच्या इच्छेने. दुसऱ्याला उपवास घडवणे हा दोष आहे.

आता खाण्याचा विषय निघालाच आहे, तर ज्यावरून आमच्याकडे खरी वादावादी झाली ते सांगते. बहुतेक रंगीत समुद्री मासे मांसाहारी. त्यांना गोठवलेली बारीक कोळंबी देतात. तिच्या वड्यांची पाकिटे मिळतात आणि ती फ्रीजरमध्ये ठेवावी लागतात. अक्काच्या घरात कांदा, बटाटा, लसूण येत नाही, पाणी गाळून घेतले जाते, जेवण सूर्यास्ताआधी. त्या घरातल्या फ्रीजरमध्ये कोळंबी! भाचा समजूतदार आहे. तो म्हणाला, “आई, मी बाल्कनीत छोटा वेगळा फ्रीज ठेवतो, तुझ्या चौक्याला काही लागणार नाही.” त्यावर अक्का शांतपणे म्हणाली, “वेगळा फ्रीज आणलास म्हणजे हिंसा वेगळ्या घरात गेली का रे?”

मला अक्काचे पटते. आपल्यातले बरेच जण शुद्धतेचा विचार भांड्यापुरता करतात. जीव गेला तो कुठल्या फ्रीजमध्ये ठेवला याने फरक पडत नाही. एका माशाला हौसेने वाढवायला रोज शेकडो कोळंब्या लागणार असतील तर जीवदयेचा हिशेब तोट्यातच जाणार. हिंसक प्राणी हौसेने पाळू नयेत असे आपल्याकडे जुन्या काळापासून सांगतात, ते याचसाठी. पंधरा कर्मादानांतले असतीपोषणही याच घरातले.

मग शाकाहारी मासा घ्यावा, असे कोणी म्हणेल. टँग शेवाळ खातो, त्याला वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पान चिमट्यात लावून देतात. पण शेवाळ आपल्याकडे अनंतकायात धरलेले! हे मी अक्काला सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा हसली. आणि सुक्या दाण्यांचे काय? दाण्यांतही माशांची पूड असतेच, डब्यावर तसे छापलेले असते. म्हणजे पूर्ण निर्दोष वाट नाही. कमी-जास्त आहे. हॅचरीत जन्मलेली पिल्ले लहानपणापासून दाण्यांवर वाढतात, त्यांना कोळंबीच्या वड्यांवाचून चालते, आणि चिमूटभर दाण्यांत दिवस भागतो. पण जैन घरात टाकी नसलेली बरी असे मी वर म्हटले, त्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. बंध एकदाच घडतो. खाणे रोजचे आहे.

यावर भाच्याने मला तीन प्रश्न विचारले. तुमच्याही घरी मुले हेच विचारतील, म्हणून उत्तरे देते.

पहिला, “मावशी, समुद्रात तरी मोठा मासा छोट्याला खातोच ना? इथे निदान तो सुरक्षित आहे.” बरोबर आहे, मत्स्यन्याय समुद्रात चालतोच. पण समुद्रातल्या शिकारीचा कर्ता मी नाही. टाकीत कोणाला कोणाबरोबर ठेवायचे, किती खायला घालायचे, वीज गेली तर काय, हे सगळे माझ्या हातात येते आणि त्याबरोबर जबाबदारीही येते. शिवाय सगळेच मासे एकमेकांना खात बसलेले नसतात. एक गोबी मासा आणि एक कोळंबी मिळून एकाच बिळात राहतात. कोळंबीला नीट दिसत नाही, पण ती दिवसभर बीळ उकरते; गोबीला उकरता येत नाही, पण तो दारात पहारा देतो. कोळंबी आपली एक मिशी त्याच्या अंगाला लावून असते. धोका दिसला की तो शेपटी हलवतो आणि दोघे आत. जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावे, हे पाठशाळेत शिकवायला याहून सोपे उदाहरण मला मिळालेले नाही.

दुसरा, “मुलांना जीवांबद्दल प्रेम वाटेल.” वाटेल, जर मूल मरणही पाहील आणि त्याचे कारणही विचारील तर. मेलेला मासा रात्रीच काढून सकाळी तसाच दुसरा आणून सोडला, तर मूल शिकते ते एवढेच की जीव दुकानात बदलून मिळतो.

तिसरा प्रश्न जास्त अवघड. “आपण पांजरपोळ चालवतो, तिथेही जनावर बांधलेलेच असते. मग टाकीने काय बिघडवले?” फरक निवडीचा आहे. पांजरपोळीत रंग पाहून जनावर घेत नाहीत. म्हातारी गाय, पाय मोडलेले वासरू, जे दारात येईल ते घ्यायचे आणि शेवटपर्यंत सांभाळायचे. टाकीत आपण जीव आपल्या भिंतीला शोभावा म्हणून मागवतो. हाच विचार उलटा करून पाहा. कोणी गाव सोडून चालले आहे, कोणाला टाकी झेपेनाशी झाली आहे, त्यांचे मासे सांभाळायला घेणे ही मला खरी पांजरपोळ वाटेल. त्यात नव्या माशाची मागणी वाढत नाही. ज्यांना ही हौस सुटतच नाही, त्यांनी या वाटेने जावे.

मागणीवरून आठवले. आपल्यात जीव सोडवण्याची चाल आहे. पर्वाच्या दिवशी कोणी दुकानातून मासे विकत घेतात आणि नदीत किंवा समुद्रात सोडतात. भावना चांगली, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, आपण म्हणतो जीव सोडवला. दुकानदाराच्या वहीत ती विक्री असते. पुढच्या आठवड्यात तो तेवढेच मासे पुन्हा मागवतो. दोन, सोडलेला मासा जगतोच असे नाही, आणि जगला तर दुसऱ्यांना जगू देईलच असेही नाही. समुद्राचा मासा मुठेत सोडला तर तो मरतोच. लायनफिश हिंदी आणि प्रशांत महासागरातला. १९८० च्या दशकात तो अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर दिसू लागला, बहुधा टाक्यांतून सुटलेला किंवा सोडलेला. आज कॅरिबियनपर्यंत पसरून तो तिथले छोटे मासे फस्त करतो आहे. आपल्याकडे पाणी गाळल्यावर गाळण्यावरची जिवाणी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत सोडायची, दुसरीत नाही, हा नियम आजीपासून चालत आला. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाही आणि तिथल्यांनाही त्रास देतो, हे त्यात आलेच. मुंगीएवढाही न दिसणाऱ्या जीवासाठी आपण जो नियम पाळतो तो वीतभर माशासाठी का मोडायचा?

आता प्रवाळाबद्दल. टाकीत खरे प्रवाळ लावण्याची हौस अनेकांना असते. आपल्या देशात खडक बांधणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. समुद्रघोडेही तसेच संरक्षित. आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळ काढणे आणि विकणे गुन्हा आहे. “मेलेलेच आहे हो ताई” असे म्हणून कोणी खडक विकत असेल तर घेऊ नका. आपल्या जुन्या ग्रंथांत प्रवाळ पृथ्वीकायिकांच्या यादीत येते, आजचे विज्ञान त्याला प्राणी म्हणते. वाद घालणाऱ्यांनी घालावा. दोन्हीकडे तो जीवच आहे. अंगठीतल्या पोवळ्याचाही विचार या निमित्ताने करायला हरकत नाही. भाच्याने सिरॅमिकचे खडक बसवले आहेत. त्यांवर जिवाणू तितकेच छान वाढतात.

इतके सांगूनही घरात टाकी येणारच असेल, तर मी सुचवीन ते असे. हॅचरीत जन्मलेल्या क्लाउनफिशची एकच जोडी, एक लहान आणि एक मोठा. हे सगळे जन्मतः नर असतात आणि मोठा असतो त्याची मादी होते, म्हणून दोन जोड्या केल्या की भांडण आलेच. त्यांना राहायला खरे समुद्रफूल लागतेच असे नाही. बांगाई कार्डिनल हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा संथ मासा. तोही हॅचरीतलाच घ्यावा, कारण इंडोनेशियातल्या मोजक्या बेटांभोवतीच तो मुळात सापडतो आणि उपशामुळे २००७ पासून धोक्यातल्या जातींत गणला जातो. त्याची एक खूण सांगते: अंडी नर तोंडात सांभाळतो, आणि त्या काळात काही खात नाही. जांभळा-पिवळा रंग हवाच असेल तर एकच रॉयल ग्रामा, तोही हॅचरीतला मिळाला तरच. टाकीला जाळीचे झाकण हवे, कारण फायरफिशसारखे भित्रे मासे दचकले की उडी मारून बाहेर पडतात. नवा मासा आधी काही आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावा, म्हणजे आजार सगळ्यांना लागत नाही. लायनफिश, ट्रिगर, बटरफ्लाय, मोठे एंजलफिश, मँडरिन, क्लीनर रॅस ही नावे यादीतून सरळ काढून टाकावीत.

आणि क्लाउनफिश नीट सांभाळला तर वीस वर्षांहून जास्त जगतो. घरातल्या नातीच्या लग्नापर्यंत तो असेल. शिखरजीच्या यात्रेला गेलात तर त्याला कोण पाहील, घर बदललेत तर तो कसा जाईल, हे घ्यायच्या आधी लिहून काढा. परिग्रहपरिमाणात आपण सोने, जमीन, कपडे यांची मर्यादा बांधतो. त्यात माशांची संख्याही लिहावी. जीव हा सर्वांत जड परिग्रह, कारण तो कपाटात ठेवून विसरता येत नाही.

ज्यांना फक्त रंगच पाहायचे आहेत त्यांनी मालवणला जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास नितळ पाण्याच्या दिवसांत मास्क लावून तोंड पाण्यात घातले की खडकांवरचे मासे दिसतात. पाण्याखालची नळी तोंडात धरायची, कशाला हात लावायचा नाही, प्रवाळावर पाय ठेवायचा नाही. तिथे कोण कोणाबरोबर राहील हे आपल्याला ठरवावे लागत नाही.

भाच्याच्या टाकीत आज चार मासे आहेत. क्लाउनफिशची जोडी आणि बांगाईची जोडी, चारही हॅचरीतले. बाल्कनीतला फ्रीज आला नाही. दाण्यांची बाटली हॉलच्या कपाटात असते. येणारे पाहुणे विचारतात, एवढ्या मोठ्या टाकीत चारच मासे? तो म्हणतो, “हो, चारच.” अक्काला टाकी आजही मान्य नाही आणि ती त्या बाटलीला हात लावत नाही. पण रोज संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, स्वतः ताटावर बसण्यापूर्वी ती विचारते, “त्यांना घातलेस का?” तो ऑफिसात असेल तर फोन करून सुनेला विचारते. उत्तर आल्याशिवाय ती जेवायला बसत नाही.

ज्या घरात असे विचारणारे कोणी नसेल, त्या घरात टाकी आणू नये.